छापील चित्रांतले बालराजे
(गणेशोत्सवात सिहोरा येथे दिलेल्या व्याख्यानावरून)



मघाशी मुलांची वेशभूषा स्पर्धा झाली. तीन बालशिवाजी आले, एक पेशवा आला. त्या पेशव्याने फेटा उतरवून आईच्या मांडीवर ठेवला, तेव्हाच मला आजचा विषय पुन्हा आठवला.

पेशवाईत खरोखरच एक बालपेशवा होऊन गेला. सवाई माधवराव १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मले आणि चाळिसाव्या दिवशी त्यांना पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. १७९० साली टिपूविरुद्धच्या तहासाठी पुण्याच्या शनिवारवाड्यात गणपती रंगमहालात दरबार भरला, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांना त्या प्रसंगाचे मोठे चित्र हवे होते. जेम्स वेल्स यांनी पुण्यात रेखाटने केली, पण १७९५ साली ते वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवरावही गेले, वय अवघे एकवीस. पुढे त्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल यांनी १८०५ साली विलायतेत चित्र पुरे केले आणि १८०७ साली चार्ल्स टर्नर यांनी त्याचा ठसा कोरून प्रती काढल्या. म्हणजे मुलगा जाऊन बारा वर्षे झाल्यावर त्याचा चेहरा छापून विकला गेला. कोरणाऱ्याने त्याला कधी पाहिलेही नव्हते.

हा ठसा तांब्याच्या पत्र्यावर होतो. पत्रा आधी दातेरी हत्याराने सगळीकडून खरखरीत करतात, तसाच छापला तर नुसता काळा ठिपूर येईल. मग जिथे उजेड हवा तिथे खरवडून गुळगुळीत करायचे. गाल, कपाळ, मोत्यांचा तुरा, सगळे अंधारातून असे बाहेर काढायचे, आणि तेही उलटे, कारण छापताना डावे ते उजवे होते. आपल्यातल्या कारखान्यातल्या मंडळींना त्यातली मेहनत लगेच कळेल.

आता आपल्या भागाकडे येतो. जबलपूरचा हा मुलूख १७९८ पासून नागपूरकर भोसल्यांकडे होता, १८१७ साली तो इंग्रजांनी घेतला. पुढे १८५३ साली तिसरे रघूजी वारले. राण्यांनी दत्तक घेतलेल्या मुलाला इंग्रजांनी वारस मानले नाही आणि नागपूर खालसा झाले. मूल तेच, घराणे तेच, पण सरकारदरबारी त्याला राजा म्हणून चेहराच नव्हता.

बडोद्यात मात्र उलट घडले. १८५७ नंतर इंग्रजांचे धोरण बदलले होते. मल्हारराव पदच्युत झाल्यावर महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या गोपाळरावाला दत्तक घेतले. वय बारा, लिहिता-वाचता येत नव्हते. नाव बदलून सयाजीराव झाले. सहाच महिन्यांनी, नोव्हेंबरात, इंग्लंडचे युवराज मुंबईस उतरले आणि हा मुलगा त्यांच्यापुढे उभा राहिला. दौऱ्यावर रसेल नावाचे पत्रकार होते. मुलाच्या अंगावरच्या जडजवाहिराचे त्यांना फार नवल वाटले. सिडनी हॉल यांच्या चित्रांसह त्यांचा ग्रंथ १८७७ साली निघाला.

विलायतेतली सचित्र साप्ताहिके तेव्हा लाकडी ठशांवर चालत. मोठा ठोकळा म्हणजे लहान तुकडे बोल्टने जोडलेले. चित्र काढून झाले की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटत. एकाकडे दागिने, दुसऱ्याकडे झालर. घाईच्या अंकात हे चालायचेच. म्हणून अशा चित्रांत हार मोत्यामोत्याने खरा दिसतो आणि चेहरा कुठल्याही मुलाचा वाटतो. मला तरी हा दोष वाटत नाही. बघणाऱ्याला मूल नको होते, गादीचा वारस ठरला आहे एवढे दिसायला हवे होते.

गोपाळरावांना पूर्ण अधिकार १८८१ च्या डिसेंबरात मिळाले. तोवर दिवाण टी. माधवराव कारभार पाहत आणि इलियटसाहेब शिकवीत. बाराव्या वर्षी अक्षरे गिरवू लागलेल्या या मुलाने पुढे आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे आपणा सर्वांस माहीत आहेच.

समितीला एक विनंती. बक्षीस द्यायचे ते द्या, पण ज्या पेशव्याने फेटा उतरवला त्याला कोणी रागावू नका.