वाळ्याचे ठोंब आणि उतारावरील माती



परसातील गवती चहाचा ठोंब जुना झाला, म्हणजे तो मधोमध वाळू लागतो. घरातील जाणती स्त्री पाऊस सुरू होताच तो खणून काढते, कडेचे फुटवे वेगळे करून लावते आणि उरलेले शेजारी वाटते. बहुवर्षायू वनस्पतींच्या विभागणीचे सारे तत्त्व या साध्या कृतीत आहे. गवती चहाप्रमाणेच तृणकुळातील असलेला वाळाही याच रीतीने वाढविता येतो. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या डोंगराळ पश्चिम भागास त्याचा मोठा उपयोग आहे.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळून सुमारे दीडशे माणसे प्राणास मुकली. एवढी मोठी दरड गवताने अडत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु दर पावसाळ्यात उतारावरील शेतातून मुकाट्याने वाहून जाणारी माती वाळ्याची दाट रांग अडवू शकते. त्याची मुळे आडवी न पसरता खोल जातात, त्यामुळे शेजारच्या पिकास फारसा उपद्रव होत नाही. लागवडीसाठी दक्षिण भारतीय वाण निवडावा. त्यास रुजणारे बी धरत नसल्याने तो तणासारखा माजत नाही. मात्र वाढवायचा तो ठोंब फोडूनच.

पाऊस स्थिरावताच ठोंब खणावा. दोन-तीन फुटव्यांची एकेक जुडी मुळांसह वेगळी करावी. पाने वीतभर व मुळे चार बोटे ठेवून छाटावीत. उताराला आडव्या समपातळी रेषेवर १५ सेंटीमीटर अंतराने जुड्या लावाव्यात. १०० मीटर रांगेस सुमारे ६७० जुड्या लागतात. रांगेत खिंड राहिली, तर पाणी तेथूनच धावून घळ पाडते; म्हणून मेलेल्या जुड्यांच्या जागी त्याच पावसाळ्यात नव्या लावाव्यात. सुगंधी मुळांना बाजारात भाव असला, तरी बांधावरील वाळा त्यासाठी उपटू नये. त्याने धरलेली माती पुन्हा मोकळी होते.

पहिले ठोंब एकदाच आणावे लागतील. शाळेच्या बागेत ते जोपासून ग्रामपंचायतीने दर पावसाळ्यात त्यांची विभागणी करविली, तर शेतकऱ्यास रोपे विकत घ्यावी लागणार नाहीत आणि विद्यार्थ्यास मृद्‌संधारणाचा धडा स्वतःच्या हातांनी गिरविता येईल.