पहिला प्रश्न फाटकावर



जालना म्हटले की लोकांना सळई आणि बियाणे आठवते. या दोन्ही धंद्यांच्या आगेमागे धोक्याचा माल सतत रस्त्यावर असतो, त्याची आठवण मात्र अपघात झाल्यावरच होते. मनमाडजवळच्या पानेवाडीहून पेट्रोल-डिझेलचे टँकर मराठवाड्यात येतात. गॅस, ऑक्सिजनचे सिलिंडर, ॲसिड आणि पेरणीच्या तोंडावर कीटकनाशकांची खोकी, हे सारे याच रस्त्यांनी फिरते. 1 फेब्रुवारी 2024 च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरात, ज्याला जालना रोड म्हणतात त्याच रस्त्यावर, सिडको चौकात गॅसचा टँकर दुभाजकावर आदळला आणि गळती सुरू झाली. परिसर रिकामा करावा लागला, अग्निशमन दलाने तासन्‌तास पाण्याचा मारा केला आणि अनर्थ टळला. त्याच वर्षी 20 डिसेंबरला जयपूरजवळ भांक्रोट्यात वळणाऱ्या गॅस टँकरला ट्रक धडकला. तिथे आग भडकली आणि अनेक जण होरपळून गेले. असे काही घडले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ड्रायव्हर काय करत होता? माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न तिसरा आहे.

हा क्रम मी लावलेला नाही, 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीच तो लावला आहे. नियम 131 माल पाठवणाऱ्याचा: गाडीची कागदपत्रे आणि सुरक्षेची साधने बघायची, मालाची पूर्ण माहिती द्यायची. 132 गाडीमालकाचा: ती माहिती चालकाला लेखी द्यायची, समजावायची. त्यानंतर 133 चालकाचा: तो कागद केबिनमध्ये हाताशी ठेवायचा आणि त्याप्रमाणे वागायचे. वरच्या दोघांनी काही दिलेच नसेल, तर तिसऱ्याने सांभाळायचे तरी काय? टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे लावायची माहितीपाटी बघा. तिच्यावर चार आकडे असतात. पेट्रोलला 1203, एलपीजीला 1075. आग विझवायला आलेला जवान जवळ न जाता, लांबूनच हे आकडे वाचून पाणी मारायचे की फोम, हे ठरवतो. गाडीत नवा माल आणि पाटीवर मागच्या खेपेचा आकडा राहिला, तर त्या जवानाची फसगत होते. ही पाटी लोडिंगच्या फाटकावर तपासायला दोन मिनिटे पुरतात.

यावर आक्षेप येईल की चूक शेवटी चालकाचीच असते. वेग, मोबाइल, झोप. वेग आणि मोबाइल यांची बाजू मी घेणार नाही. नियम 9 प्रमाणे तीन दिवसांचे प्रशिक्षण न घेता असा माल कोणी हाकत असेल, तर त्याने स्टिअरिंगला हात लावू नये. झोपेचे मात्र वेगळे आहे. 2025 पर्यंत लागू असलेला 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगत असे. नियम 133 सांगतो की उभी गाडी आगीपासून सुरक्षित जागी हवी आणि तिच्यावर चालकाची किंवा दुसऱ्या सक्षम प्रौढ माणसाची नजर हवी. एकट्या माणसाने ढाब्यावर जेवायचे कसे आणि डोळा लावायचा कसा? दुसरा प्रशिक्षित माणूस आणि वस्तीपासून दूर, राखणीचा वाहनतळ यांच्याशिवाय विश्रांती आणि राखण ही दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. मालक म्हणतात, भाड्यात एवढे बसत नाही. त्यांचे हे म्हणणे खरे आहे, म्हणूनच तो खर्च माल पाठवणाऱ्याच्या दरात धरला पाहिजे. छोटा व्यापारीही यातून सुटत नाही. एकाच टेम्पोत पेंडीच्या पोत्यांना टेकून कीटकनाशकाची खोकी रचणे 1971 च्या कीटकनाशक नियमांना मान्य नाही.

दुसरा आक्षेप, शिक्षेचा धाक वाढवा. भारतीय न्याय संहितेतल्या कलम 106(2) मध्ये पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली, तेव्हा जानेवारी 2024 च्या सुरुवातीला पानेवाडीच्या टँकरचालकांसह देशभर चाके थांबली आणि चर्चेशिवाय ते कलम लागू करणार नाही, असे सरकारला सांगावे लागले. चालक पळू नये, हे मलाही मनापासून वाटते. टाकीत काय आहे आणि व्हॉल्व्ह कुठे आहे हे जाणणारा त्या जागी तो एकटाच असतो, आणि नियम 136 प्रमाणे पोलिसांना ताबडतोब कळवण्याचे कामही त्याचेच आहे. पण तो पळतो तो बहुतेक वेळा जमावाच्या माराला भिऊन. अंगावर धावून येणाऱ्या माणसांपुढे दहा वर्षांची कैद त्याला आठवत नाही. पोचल्याबरोबर पोलिसांनी आधी चालकाला आडोसा दिला, तर गळती थांबवायला माहितगार माणूस हाताशी राहील.

कारखान्यांच्या प्रतिनिधींकडे या व्यासपीठावरून माझे एकच मागणे आहे. मालाचे माहितीपत्रक इंग्रजीबरोबर मराठीत आणि हिंदीत छापा, आणि गेटपासवर शिक्का मारण्याआधी चालकाला ते मोठ्याने वाचायला लावा. तो कुठे अडखळला, तर तिथे समजावून सांगा आणि तोवर गाडी फाटकाच्या आतच उभी राहू द्या.