सरपणाच्या वाटेवरची गस्त
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचं नाव जड आहे : आंतरराष्ट्रीय संकटकाळातलं नागरी आणि लष्करी सहकार्य. या नावाखाली ज्या बैठका होतात, त्यांत लष्करी अधिकारी असतात, मदतसंस्थांचे प्रमुख असतात, सरकारी प्रतिनिधी असतात. बोलणं चालतं ते ट्रक, रस्ते, हेलिकॉप्टर, नकाशे यांचं. ज्यांच्या नावानं हे सगळं चालतं, त्या छावणीतल्या बायका तिथं क्वचितच असतात. म्हणून या विषयाकडे आज आपण सरपणाच्या मोळीच्या बाजूनं बघू.

सुदानच्या पश्चिमेला दारफुर नावाचा प्रदेश आहे. २००३ साली तिथल्या बंडखोर गटांनी सरकारविरुद्ध शस्त्रं उचलली. सरकारनं आपल्या सैन्याबरोबर जंजावीद नावाच्या सशस्त्र टोळ्या गावांवर सोडल्या. गावं जाळली गेली आणि वीस लाखांहून अधिक माणसं छावण्यांत येऊन पडली. जागतिक अन्न कार्यक्रमाकडून धान्य, डाळ, तेल मिळू लागलं. पण धान्य शिजवायला जळण लागतं. शिधा आला, जळण आलं नाही. ते आणायचं काम कुणाचं, हे तुम्हाला सांगायला नको.

छावणीभोवतीची झाडं संपत गेली तशी बायकांची वाट लांबत गेली. पुढं पुढं जाऊन यायला कित्येक तास लागू लागले. त्या वाटेवर टोळ्या दबा धरून बसत. 'मेदसाँ साँ फ्राँतिए' या डॉक्टरांच्या संस्थेनं मार्च २००५ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. साडेचार महिन्यांत बलात्कार झालेल्या जवळजवळ ५०० स्त्रियांवर त्यांनी उपचार केले होते. बहुतेकींवर हल्ला झाला तो सरपण, पाणी, चारा अशा रोजच्या कामासाठी बाहेर पडल्यावर. सुदान सरकारनं काय केलं? त्या संस्थेच्या दोन प्रमुखांनाच अटक केली. पुढं आरोप मागे घेतले, पण बोलणाऱ्याला जो इशारा द्यायचा तो देऊन झाला होता.

पुरुष का जात नाहीत, असं बाहेरून आलेले लोक विचारत. बायका उत्तर देत : ते गेले तर त्यांना ठार मारतील, आम्ही गेलो तर बलात्कार होईल. कुटुंब जगवण्याचा हा हिशोब त्यांना रोज सकाळी करावा लागत होता.

आफ्रिकी संघाची शांतिसेना २००४ मध्ये तिथं आली होती. पुढच्या वर्षापासून काही छावण्यांत सरपणासाठी गस्त सुरू झाली. ठरल्या दिवशी बायकांनी जमायचं, सैनिक आणि पोलीस गाड्या घेऊन बरोबर जाणार. नागरी-लष्करी सहकार्य म्हणतात ते हेच, जमिनीवर उतरलेलं.

यातलं काय चाललं आणि काय बिघडलं, हे आपण नीट समजून घ्यायला हवं. बायकांच्या पुढारणींशी बसून दिवस, वेळ, वाट, आणि गाडीनं किती अंतरावर थांबायचं हे जिथं ठरवलं, तिथं गस्तीवर विश्वास बसला. जिथं सैनिक ठरल्या दिवशी आले नाहीत, तिथं बायका वाट बघून शेवटी एकट्याच गेल्या. चूल काही थांबत नाही. गस्तीबरोबर सुदानचे सरकारी पोलीस आले की बायका बिचकत. ज्या सरकारनं गाव जाळलं त्याच सरकारचा पोलीस राखण करणार, यावर कोण विश्वास ठेवील? दुभाषी पुरुष असेल तर जी गोष्ट बोलायची तीच बोलली जात नसे. निर्वासित स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एका अमेरिकन आयोगानं २००६ मध्ये म्हणूनच सुचवलं की, प्रत्येक छावणीत गस्तीची समिती असावी आणि तिच्यात स्त्रियांना जागा असावी. कमी जळण लागणाऱ्या मातीच्या चुलीही आल्या. त्यानं खेपा कमी झाल्या, पण संपल्या नाहीत, कारण सरपण विकून चार पैसे मिळवणं हाच कित्येकींचा एकमेव रोजगार होता.

आता दुसरी बाजू बघू. सैनिकानं वाट राखणं वेगळं आणि सैनिकानंच मदत वाटणं वेगळं. अफगाणिस्तानात २००३ पासून अमेरिकेनं आणि नाटोनं 'प्रांतीय पुनर्रचना पथकं' नेमली. त्यांत लष्कर, मुत्सद्दी आणि विकासकामं करणारे अधिकारी एकत्र. शाळा, रस्ते, दवाखाने बांधायचे आणि त्यातून लोकांचं मन जिंकायचं. २००४ मध्ये दक्षिण अफगाणिस्तानात परदेशी फौजांनी पत्रकं वाटली : मदत चालू राहायला हवी असेल तर तालिबानची माहिती द्या. म्हणजे धान्याचं पोतं हे खबरीचं मोल झालं! त्याच वर्षी जूनमध्ये 'मेदसाँ साँ फ्राँतिए'चे पाच जण बादघिस प्रांतात मारले गेले. जवळजवळ २४ वर्षं तिथं काम करणारी ही संस्था देश सोडून गेली आणि २००९ मध्ये परतली. जाताना त्यांनी मारेकऱ्यांना मोकळं सोडणाऱ्या सरकारला, धमक्या देणाऱ्या तालिबानला, आणि मदतीचा लष्करी हेतूसाठी वापर करणाऱ्या फौजांनाही जबाबदार धरलं. डॉक्टर आणि शिपाई एकाच गाडीतून उतरू लागले की गावाला दोघांत फरक दिसेनासा होतो. आणि दवाखाना बंद पडतो तेव्हा सगळ्यांत आधी अडते ती बाळंतीण.

म्हणूनच संयुक्त राष्ट्रसंघाच्या मार्गदर्शक तत्त्वांत लष्करी साधनं मदतकार्यात शेवटचा उपाय म्हणून वापरावीत, असं म्हटलेलं आहे. नागरी मार्ग उरला नसेल तेव्हाच. ही ओळ कागदावर आहे. ती पाळली जाते का, हे विचारणारं कुणी हवं.

आणि राखणदारानंच हात टाकला तर? हैतीमध्ये राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेतल्या शंभराहून अधिक श्रीलंकन सैनिकांना २००७ मध्ये लैंगिक शोषणाच्या आरोपांवरून मायदेशी पाठवलं गेलं. शांतिसैनिकावर खटला चालवण्याचा अधिकार त्याच्या स्वतःच्या देशाला असतो. म्हणजे तक्रार करणारी पोर एका देशात, आरोपी दुसऱ्या देशात, आणि साक्षीपुरावा अधांतरी. सुरक्षा परिषदेनं मार्च २०१६ मध्ये ठराव क्रमांक २२७२ केला. असे प्रकार वारंवार घडले तर अख्खी तुकडी परत पाठवता येते. पण परत पाठवणं म्हणजे न्याय नव्हे.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. शांतिसेनेला सर्वांत जास्त माणसं देणाऱ्या देशांत भारत आहे. २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या स्त्रियांची तुकडी लायबेरियात गेली. राष्ट्रसंघाच्या शांतिकार्यातली ती पहिली महिला पोलीस तुकडी. २०१६ पर्यंत अशा तुकड्या तिथं राहिल्या. त्यांच्याकडे बघून लायबेरियातल्या मुली पोलिसांत यायला धजावल्या, याचा आपल्याला अभिमान वाटावा. पण बाईच्या अंगावर गणवेश चढला की काम झालं, असं समजू नका. छावणीतल्या बाईचं ऐकायचं की नाही, हे वरचा हुकूम ठरवतो.

सुरक्षा परिषदेचा ठराव १३२५ हा ३१ ऑक्टोबर २००० चा. शांततेच्या निर्णयांत स्त्रियांचा सहभाग हवा, असं तो सांगतो. त्याच्या आधारानं आपण आपल्या सरकारला विचारू शकतो. बाहेर जाणाऱ्या तुकड्यांना लैंगिक हिंसेबद्दल प्रशिक्षण कोण देतं? त्यात स्त्री-संघटनांना बोलावतात का? तिकडच्या बाईनं तक्रार केली तर चौकशी कुठं होते आणि निकाल तिला कोण कळवतं?

दारफुरमधली राष्ट्रसंघाची शांतिसेना २०२० च्या अखेरीस संपली. एप्रिल २०२३ मध्ये सुदानचं सैन्य आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' यांच्यात युद्ध पेटलं. ही फौज त्याच जंजावीद टोळ्यांतून उभी राहिलेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिनं अल-फाशर शहर घेतलं, आणि कत्तली व बलात्कारांच्या बातम्या पुन्हा आल्या. गस्तीनं शांतता येत नाही, हे यातून कळतं. पण गस्त होती तेव्हा काही बायका मोळी घेऊन सुखरूप परतल्या होत्या, तेही खरं आहे. या दोन्ही गोष्टी धरून आपली भूमिका ठरवायची आहे. आता तुमचं मत ऐकू या.