गुडघा बरा झाला; खेळाडूचे काय?

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत क्रीडावैद्यक विभागातर्फे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



दुर्बिणीतून होणाऱ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियांसाठी आपण जी उपकरणे दिलीत, त्यांचा उपयोग नित्य होत आहे. अस्थिरोग विभागाचे कार्य अहवालात आकड्यांनिशी आलेले असल्याने त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते त्या आकड्यांत न मावणाऱ्या एका दुखण्याविषयी.

कबड्डीचा चढाईपटू बोनस रेषा ओलांडतो, त्या क्षणी त्याचा एक पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि दुसरा अधांतरी असतो. देहाचा सारा भार एका गुडघ्यावर, आणि त्याच गुडघ्यावर वळून त्याला माघारी फिरायचे असते. समोरच्याने घोटा पकडला आणि धड वळले, की आतले लिगामेंट तुटते. आमच्याकडे येणाऱ्या तरुण खेळाडूंपैकी अनेकांची कहाणी अशीच सुरू होते. शस्त्रक्रियेत बहुधा त्यांच्याच शरीरातील स्नायूबंध घेऊन नवे लिगामेंट बसविले जाते. त्यानंतर मैदानावर परतण्यास साधारणतः नऊ महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो.

नऊ महिने सरतात. मांडीची ताकद तपासली जाते, ती पुरेशी भरते. शल्यचिकित्सक खेळण्यास अनुमती देतात. आणि तोच मुलगा मध्यरेषेपर्यंत जाऊन थबकतो. पाय शाबूत असतो, पण टाकवत नाही. घरचे म्हणतात, आळस आला. प्रशिक्षक म्हणतात, जिद्द संपली. वैद्यकशास्त्र याला पुन्हा दुखापत होण्याची भीती म्हणते, आणि ती मोजताही येते. २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्यासाठी बारा प्रश्नांची एक श्रेणी प्रसिद्ध केली. २०१४ साली अनेक अभ्यासांचा जो एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात या शस्त्रक्रियेनंतर स्पर्धात्मक खेळात परतणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५५ टक्के आढळले. उरलेल्या सर्वांचे गुडघे निकामी होते असे नाही. परतण्या न परतण्यात मनाच्या तयारीचा वाटा मोठा असल्याचे त्याच आढाव्यातून दिसले.

शहरातील सुखवस्तू घरात हा प्रश्न छंदापुरता असेल. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत तो पोटापाण्याचा असतो. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे; रेल्वे, पोलीस, बँका यांच्या संघांतून नोकऱ्या मिळतात. मुलीच्या खुराकासाठी आईने गळ्यातले मोडलेले असते आणि धाकट्या भावाने आपले शिक्षण मागे ठेवलेले असते. त्या मुलीच्या गुडघ्यावर चार जणांचा संसार उभा असतो, आणि हे तिला ठाऊक असते. त्यात वसतिगृह सुटते, संघातील मैत्रिणी स्पर्धांना जातात, पहाटेचा सराव बंद होतो. वयाच्या दहाव्या वर्षापासून ‘खेळाडू’ हीच जिची ओळख, तिने त्या नऊ महिन्यांत आपण कोण आहोत असे समजावे? झोप उडते, भूक मंदावते, बोलणे कमी होते. फिजिओथेरपीस येणे हळूहळू थांबते. आणि मग आपण दिलेल्या उपकरणांनी केलेली उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते.

अशा वेळी ‘मन खंबीर कर’ हा उपदेश सद्हेतूने केला जातो, परंतु त्याचा उपयोग होत नाही. भीती पायरीपायरीने उतरवावी लागते. आमच्याकडे मानसशास्त्रज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट हे काम एकत्र करतात. प्रथम रिकाम्या मैदानात चालत जाऊन बोनस रेषेला पाय लावणे, मग धावत, मग उभ्या असलेल्या पण पकड न करणाऱ्या एका सहकाऱ्यासमोर, आणि अखेरीस खऱ्या बचाव साखळीसमोर. प्रत्येक पायरीआधी श्वास सावकाश, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्यास अधिक वेळ देऊन. त्याने छातीची धडधड खरोखरच उतरते. रात्री डोळे मिटून तीच चढाई मनात, तपशीलासह, पुन्हा पुन्हा. यात चमत्कार काही नाही. चिकाटी मात्र लागते, आणि कोणीतरी रोज विचारणारे लागते.

महाराष्ट्राला हा विषय सर्वस्वी नवा नाही. पोलीस सेवेतून निवृत्त झालेले, स्वतः नेमबाज असलेले नाशिकचे भीष्मराज बाम यांनी योगाभ्यासाची क्रीडामानसशास्त्राशी सांगड घालून अनेक नामवंत खेळाडूंना मार्गदर्शन केले. २०१७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्यामुळे एकाग्रता, सराव, दडपण हे शब्द आपल्या घराघरांत पोहोचले. मात्र त्यासोबत एक समजही रुजला, की मानसशास्त्रज्ञ हवा तो पदकासाठीच. अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंगमध्ये भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर आलेल्या पोकळीविषयी आणि नैराश्याविषयी ते स्वतः जाहीरपणे बोलले आहेत. सिमोन बाइल्स हिने २०२१ मध्ये टोकियोत सांघिक अंतिम फेरी मध्येच सोडली, तेव्हा तिच्यावर टीकाही झाली. हवेत असताना देहाचे भान हरपत होते, अशा स्थितीत उडी घेणे मानेवर बेतले असते. २०२४ मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्णपदके मिळविली. तिने ती मिळविली नसती तरी टोकियोतील तिचा निर्णय आमच्या मते तितकाच योग्य ठरला असता.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. क्रीडामानसशास्त्रज्ञ कौशल्य शिकवितो. सलग दोन आठवडे उदासी हटत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर तो आजार आहे आणि तेथे मनोविकारतज्ज्ञ हवा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९ च्या आपल्या निवेदनात खेळाडूंचे मानसिक आरोग्य शारीरिक आरोग्यापासून वेगळे काढता येत नाही असे म्हटले, ते याच अर्थाने. गोळ्या घेतल्या तर उत्तेजक चाचणीत सापडू, या धास्तीने पुष्कळ मुले औषध टाळतात. नैराश्यावरील नेहमीची बहुतेक औषधे बंदी असलेल्यांच्या यादीत नाहीत. परंतु हाताचा कंप व धडधड कमी करण्यासाठी सर्रास दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल नेमबाज आणि तिरंदाज यांना निषिद्ध आहे. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे जा, आपण कोणता खेळ खेळतो हे प्रथम सांगा.

दुसरी धास्ती गुपित फुटण्याची. संघ निवडीच्या सुमारास ‘त्या मुलाचे डोके ठीक आहे ना?’ असे दूरध्वनी आम्हांस येतात. आम्ही उत्तर देत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि तो हक्क प्रशिक्षकाच्या, पुरस्कर्त्याच्या किंवा देणगीदाराच्याही उत्सुकतेहून मोठा आहे. आपण हे उदार मनाने समजून घ्याल अशी खात्री आहे.

आता मागणे. सध्या हे काम आठवड्यातून एक दिवस, फिजिओथेरपी विभागाच्या कोपऱ्यात, पडद्याआड चालते. पडद्यापलीकडे यंत्रे सुरू असतात, माणसे बोलत असतात. रडू आलेल्या मुलाला आवाज दाबावा लागतो. आम्हांस दार असलेली एक खोली आणि पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञाचे वेतन हवे आहे. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, वेतनावर लावता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

पालकांसाठी एवढेच. केसपेपर नेहमीच्याच खिडकीवर मिळतो. वेगळी रांग नाही, आणि कागदावर विभागाचे नाव ‘क्रीडावैद्यक’ असेच असते. पहिल्या भेटीस घरातील एकाने सोबत यावे, पुढच्या भेटींत मुलाला एकट्याने बोलू द्यावे. रात्री-अपरात्री फारच घालमेल झाली, तर शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते.