‘क्ष’च्या आधी थोडे अंकगणित
(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळी वडिलांच्या फळांच्या गाडीवर पैशांचा चोख हिशेब करणारा मुलगा दुपारी वर्गात ‘समजा क्ष’ ऐकताच गांगरतो. पुढे गणितात नापास होतो आणि शाळाही सोडतो. तो मंदबुद्धी आहे काय? मुळीच नाही. त्याच्यासाठीच मी आज दोन शब्द बोलणार आहे.

त्याच्याच गाडीवरचे उदाहरण घ्या. 5 रुपयांची व 8 रुपयांची मिळून 45 मोसंबी विकली गेली. गल्ल्यात 285 रुपये जमले. तर प्रत्येक प्रकारची किती?

घटकाभर धरून चाला की सगळीच 5 रुपयांची होती. मग 225 रुपये जमले असते. प्रत्यक्षात 60 रुपये जास्त आहेत. 5 रुपयांच्या एका मोसंब्याजागी 8 रुपयांचे धरले की 3 रुपयांची भर पडते. 60 ला 3 ने भागा. 8 रुपयांची 20 आणि 5 रुपयांची 25. ताळा पाहा : 160 अधिक 125 म्हणजे 285.

दुसरे उदाहरण. दोन बहिणींना मिळून 100 रुपये ईदी मिळाली. थोरलीला 20 रुपये जास्त. पुष्कळ मुले घाईने 80 आणि 20 सांगतात. पण त्यांत फरक 60 चा पडतो. आधी जास्तीचे 20 बाजूला ठेवा, उरलेले 80 निम्मे करा. धाकटीला 40, थोरलीला 60. भास्कराचार्यांनी 1150 साली ‘लीलावती’त या रीतीला ‘संक्रमण’ म्हटले आहे. त्याच ग्रंथाचे अकबराच्या दरबारातील फैजीने 1587 साली फारसीत भाषांतर केले. ज्ञानाला जातपात नसते, ती अशी.

मी बीजगणिताच्या विरुद्ध नाही. ‘अल्जिब्रा’ हे नावच मुळी बगदादच्या अल-ख्वारिज्मीच्या नवव्या शतकातील ग्रंथावरून आले. मोसंब्यांचे समीकरण मांडून पाहा. 225 अधिक 3 क्ष बरोबर 285 हीच पायरी येते. मुलाने तोंडी केले तेच अक्षरात उतरले. अज्ञात राशी वाढल्या की अक्षरांवाचून चालत नाही, हेही खरे.

म्हणून शिक्षकांना माझी एकच विनंती. मुलाचे उत्तर बरोबर असेल, पण त्यात ‘क्ष’ नसेल, तर लाल रेघ ओढण्यापूर्वी विचारा, “बेटा, कसे काढलेस?” त्याच्या सांगण्यातच समीकरण दडलेले असते. ते त्याला दाखवून द्या. तो शाळा सोडणार नाही.