खाडीकांठची पेठ

बाजारपेठ वसते ती केवळ मालावर नव्हे. माल नेण्या-आणण्याच्या वाटेवर वसते. फ्रान्समध्यें लोआर नदीच्या कांठीं सोम्यूर नांवाचें जुनें शहर आहे. खोऱ्यांतील द्राक्षांचें मद्य तेथून होड्यांनीं बाहेर जात असे. एकोणिसाव्या शतकांत आगगाडी आली आणि नदीवरील ती वाहतूक बसली. पालघर जिल्ह्यांतील तारापूर-चिंचणी या जोडगांवांची कथा अशीच आहे. द्राक्षवेलींच्या जागीं येथें ताडमाड आहेत, इतकेंच.

मध्यें खाडी; उत्तरेस चिंचणी, दक्षिणेस तारापूर. चिंचणीस १९५५ मध्यें कांहीं ताम्रपट सांपडले. त्यांतील शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा पट मोठा बोलका आहे. त्या काळीं राष्ट्रकूटांच्या वतीनें संजाण प्रांताचा कारभार मधुमती नांवाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत होता. त्यानें दोन प्रवाहांवर तरीची सोय केली आणि भात, कालवण व तूप विनामूल्य मिळेल असें अन्नसत्र घातलें. एका मठिकेस दिलेल्या भूदानाचीही नोंद त्याच पटांत आहे. धर्म परका, परंतु वाटसरूची भूक त्याला परकी वाटली नाहीं.

पुढें पोर्तुगीजांनीं तारापुरास किल्ला राखला. जानेवारी १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या फौजेनें तो घेतला. त्या लढाईंत बाजी भिवराव रेठरेकर पडले. कालांतरानें तो किल्ला विकाजी मेहेरजी या पारशी मक्तेदारांकडे इनाम आला. सुमारें १८२० मध्यें त्यांनीं येथें अग्यारी बांधली. याच घराण्याच्या पेढीनें हैदराबादेस निजामाच्या सरकारास कर्ज पुरविलें.

१८६४ मध्यें बडोद्याकडून मुंबईस लोहमार्ग आला. पण तो किनारा सोडून, पूर्वेकडून बोईसरवरून गेला. पेठेचा ओढा हळूहळू स्टेशनाकडे वळला. १९६९ मध्यें तारापुरास देशांतील पहिलें अणुविद्युत् केंद्र सुरू झालें. कारखाने मात्र बोईसरशेजारीं उभे राहिले, आणि नांव तारापूरचें लागलें! अणुकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठीं पोफरण व अक्करपट्टी या गांवांना स्थलांतर करावें लागलें.

वाटा बदलतात, पेठा हलतात. हा काळाचा क्रमच आहे. परंतु त्या ताम्रपटानें अधिकाऱ्याची कीर्ति सांगतांना तर आणि अन्न यांची आठवण ठेवली. नव्या वाटा काढणाऱ्यांनीं, जुन्या वाटेवर मागें राहिलेल्यांना पैलतीर गांठतां येतें कीं नाहीं, हें अवश्य पाहावें.