प्रोफेशनल की घरगुती? डिटेलिंग शिकताना पहिली खरेदी कुठली करायची

आज नेहमीसारख्या नव्या गाड्यांच्या गप्पा नाहीत. सांगलीहून एका मित्राचा व्हॉइस मेसेज आलाय, त्याच्यावरच बोलू. तो म्हणतो, "दादा, घरात पहिलीच गाडी आली, सेकंडहँड हॅचबॅक. धुवायचं, पॉलिशचं सगळं मीच शिकणार आहे. पाच हजार बाजूला काढलेत. दुकानदार म्हणतो साधं घेऊच नको, स्टुडिओवाले वापरतात तेच प्रोफेशनल घे. काय करू?"

आधी माझी फजिती सांगतो. मीही असंच ऐकून एक प्रोफेशनल क्लीनर आणला होता. कॅनवर लिहिलं होतं, एकास दहा पाणी घाला. मी म्हटलं, पाणी कशाला, नुसतं मारलं तर जास्तच स्वच्छ होईल! एप्रिलचं ऊन, साताऱ्यातलं अंगण, तापलेली गाडी. मी आबांच्या गाडीच्या अलॉय व्हील्सवर आणि खालच्या काळ्या प्लास्टिकवर मारला आणि पाण्याची पाइप आणायला गेलो. येईपर्यंत तो वाळला. प्लास्टिकवर पांढरे ओघळ, अलॉयवर डाग. आबा एवढंच म्हणाले, "अरे, गाडी धुवायची होती का उकळायची?" ते ओघळ आजही आहेत.

त्या दिवशी एक गोष्ट कळली. 'प्रोफेशनल' म्हणजे 'जास्त चांगलं' नव्हे. घरगुती बाटली बनवणाऱ्याने धरलेलंच असतं की तुम्ही चुकणार. त्यामुळे ती आधीच पातळ केलेली असते, थोडी जास्त झाली, थोडी वाळली तरी बहुतेक वेळा निभावतं. प्रोफेशनल कॅनमध्ये ही सूट कमी असते. मोजमाप, वेळ, पत्र्याचं तापमान, सगळं वापरणाऱ्याला माहीत आहे असं धरलेलं असतं. चुकलं तर भुर्दंड आपला.

मग सगळंच घरगुती घ्यायचं का? नाही. माझा हिशेब सोपा आहे. जे रंगावरून काहीतरी काढतं, किंवा रंगावर बसून घट्ट होतं, ते सुरुवातीला घरगुतीच घ्या. जे फक्त मळ सोडवतं आणि पुसतं, तिथे बिनधास्त प्रोफेशनल घ्या.

आधी 'काढतं' ते बघू. कंपाउंड, कटिंग पॉलिश, रोटरी मशिन. पत्र्यावरचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५०. आपला केस त्याहून जाड असतो! पॉलिश म्हणजे हाच थर थोडा थोडा घासून काढणं. तो परत येत नाही. आणि तुझी गाडी सेकंडहँड आहे मित्रा. विकण्याआधी कुणी किती वेळा घासलीय, हे जाडी मोजायच्या मीटरशिवाय कळायचं नाही. म्हणून मशिन आणि कडक कंपाउंड आत्ता नको. ओरखडे फारच खुपत असतील तर हाताने लावायचं हलकं पॉलिश घे आणि आधी कोपऱ्यात वीतभर जागेवर करून बघ.

आता 'घट्ट होतं' ते. सिरॅमिक कोटिंग. प्रोफेशनल कोटिंग लावल्यावर थोड्याच मिनिटांत पुसावं लागतं. पुसायचं राहिलं तर तिथे गडद चट्टा बसतो आणि तो पॉलिश करूनच काढावा लागतो. सांगलीच्या उन्हाळ्यात तापलेल्या बॉनेटवर ही मिनिटं आणखी कमी होतात. त्यापेक्षा साधं पेस्ट वॅक्स किंवा स्प्रे वॅक्स घे. चुकलास तरी पुन्हा धुऊन लावता येतं.

आणि प्रोफेशनल कुठे? पहिला मान मायक्रोफायबरचा. बहुतेक बारीक ओरखडे केमिकलने नाही, फडक्याने पडतात. आपल्याकडे गाळप हंगामात सकाळी गाडीवर कारखान्याची काजळी असते, एरवी उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्याची धूळ. त्यावर आपण कोरडाच फडका मारतो. म्हणजे सँडपेपरच की! चांगले जाड टॉवेल घे, बॉडीचे वेगळे, चाकांचे वेगळे. धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नको.

दुसरा, शाम्पू. पीएच न्यूट्रल, कॉन्सन्ट्रेट. कपड्यांची पावडर नको, ती वॅक्स उतरवते. माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या मंडळींनी रिन्सलेस शाम्पू बघाच. गाडी फार चिखलाची नसेल तर एका बादलीत काम होतं, वरून पाणी ओतावं लागत नाही. त्यातल्या बऱ्याच शाम्पूंचं प्रमाण एकास २५६ असतं, म्हणजे १० लिटरच्या बादलीला साधारण ४० मिली. बोअरचं पाणी जड असेल तर मात्र उन्हात वाळू देऊ नका, लगेच पुसा, नाहीतर क्षारांचे डाग बसतात.

प्रमाणाचा घोळ इथेच मिटवू. एकास दहा म्हणजे एक भाग केमिकल, दहा भाग पाणी, एकूण अकरा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४५ मिली केमिकल, बाकी पाणी. मेडिकलमध्ये मिळणारी सिरिंज घ्या, अंदाजाने ओतू नका. एका लिटरचे ११ लिटर होतात, घरच्या एका गाडीला ते संपता संपत नाही. चार मित्रांत मिळून घ्या.

चाकांसाठीचे काही प्रोफेशनल क्लीनर तीव्र आम्लाचे असतात. हातमोजे, चष्मा हवाच. दुकानदाराकडे सेफ्टी डेटा शीट मागा. देत नसेल तर तो कॅन तिथेच ठेवा.

तर मित्रा, तुझ्या पाच हजारांत: दोन बादल्या, एक वॉश मिट, पाच-सहा चांगले टॉवेल, न्यूट्रल शाम्पू आणि एक साधं वॅक्स. उरलेले पैसे ठेवून दे. सहा महिने सावलीत, थंड पत्र्यावर नीट धुवायला शिक. तेवढ्याने गाडी चमकत नाही असं वाटलं, तर मग मशिनचं बोलू.

आणि आबा, ऐकत असाल तर, प्लास्टिकची ती पट्टी बदलून देतो. या दिवाळीला नक्की. चला मंडळी, भेटू पुढच्या भागात.